तिसऱ्या भोकात वायर नव्हती

सातवीच्या वर्गात विजेचा धडा सुरू झाला की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. मुलांच्या हातात सेल, बल्ब आणि वायरीचे तुकडे असतात, त्यांची मजा चाललेली असते, आणि मी बाकांमधून नुसत्या येरझाऱ्या घालत असते. मैलापूरच्या एका शाळेत मी बावीस वर्षं विज्ञान शिकवतेय. धडा तोच, सामानाचं खोकं तेच, फक्त मुलं बदलतात. पण गेल्या वर्षापासून हा धडा मला नकोसा झालाय, आणि दुसऱ्या कुणाला द्यायलाही मन होत नाही.

सुरुवात मी नेहमी एकाच पद्धतीनं करते. सामान वाटते आणि म्हणते, दिवा लावा. निम्मी मुलं सेलच्या एका टोकाला वायर लावतात, तिचं दुसरं टोक बल्बला टेकवतात आणि बघत बसतात. त्यांना वाटतं, वीज तिकडून निघाली की पोचेलच. मी गप्प राहायचं ठरवलेलं असतं, पण दोन मिनिटंसुद्धा राहवत नाही. अरे, गेली ती परत कुठून येणार? दुसरी वायर कुठाय? मग कुणीतरी दुसरी वायर जोडतं, बल्ब पेटतो, गलका होतो. फेरा पूर्ण झाल्याशिवाय करंट वाहत नाही, हे पहिलं. फळ्यावर त्या दिवशी मी तेवढंच लिहिते.

मग व्होल्टेज. त्यासाठी मी गच्चीवरची टाकी घेते, कारण चेन्नईत पाण्याचं दुखणं घरोघरी आहे. टाकी वर, नळ खाली. तळमजल्यावर धार जोरात, अगदी वरच्या मजल्यावर करंगळीएवढी. मागून ढकलणारा तो जोर म्हणजे व्होल्टेज. नळातून प्रत्यक्ष जे वाहतं तो करंट. पाइपात गाळ बसून जे अडतं तो रोध. मुलांना हे पटकन कळतं. त्यानंतर वीज कशातून वाहते नि कशातून नाही. तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम वाहू देतं. कोरडं लाकूड, रबर, प्लॅस्टिक अडवतं. आणि माणूस? माणसातून वाहते, मी सांगते, आणि अंग ओलं असेल तर फारच सहज वाहते.

गेल्या वर्षी याच्या पुढचा तास अर्थिंगचा होता. ज्या यंत्राचं अंग धातूचं, त्याच्या प्लगला तिसरी, जाड पिन असते. आतली एखादी वायर सुटून अंगाला टेकली, तर विजेनं त्या पिनेतून सरळ जमिनीत जावं, हात लावणाऱ्या माणसातून जाऊ नये, म्हणून ती. एवढं सांगून होतंय तोच तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. त्यांचा फ्रीज "शॉक अडिक्कुम, मिस," म्हणजे झटका देतो, आणि म्हणून तिच्या आईनं फ्रीजसमोर एक फळी टाकलीय. मी विचारलं, आणखी कुणाकडे असं आहे? बघता बघता निम्म्या वर्गाचे हात वर. कुणाकडे फळी, कुणाकडे गोणपाट, कुणाकडे रबरी चपलांचा एक जोड कायमचा वॉशिंग मशीनजवळ. मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. फळी हा इलाज नव्हे, घरी सांगा, आजच इलेक्ट्रिशियनला बोलवा. बोलताना माझे कान तापले होते, कारण खरं तर माझाही हात वर व्हायला हवा होता.

आमच्या घरी तो पाट होता. जेवायला बसायचा, सागवानी, पितळी फुलं ठोकलेला पाट. स्वयंपाकघरात इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर आहे, स्टीलच्या अंगाचा, त्याच्यासमोर तो पाट आडवा टाकलेला असे. ग्राइंडर चालू असताना अंगाला हात लागला की मुंग्या आल्यासारखं व्हायचं. पाटावर उभं राहिलं की नाही. कधी सुरू झालं ते आठवत नाही. घरातल्या गोष्टींची सवय होते तशी झाली. नवऱ्याला सांगितलं तर तो हसायचा. तो गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे, रोज भल्या पहाटे निघतो. आमच्याकडे माणसं चारशे चाळीस व्होल्टवर काम करतात, तुला दोनशे तिसाच्या गुदगुल्यांचं काय कौतुक, म्हणायचा. मीही कानाडोळा करत आले. विज्ञानाची बाई आणि घरात पाट! कपाळ माझं.

त्या ग्राइंडरची खरी मालकीण माझी सासू. मी त्यांना अम्मा म्हणते, घरात सगळे म्हणतात तसं. मी साताऱ्याची, लग्न होऊन इथं आले. ही माणसं मूळची तंजावरकडची, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली. त्यांची मराठी कानाला जुनी लागते आणि तमिळ हेल काढत चालते. अम्मांचं सोवळं, म्हणजे त्यांच्या भाषेत मडी, भलतंच कडक. एरवीच्या दिवशी थोडी ढील, पण सासऱ्यांच्या श्राद्धाला नाही. त्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन, ओल्या नऊवारीतच, एकट्या अम्मा स्वयंपाक करणार. कुणी शिवायचं नाही. त्यांना नाही, भांड्याला नाही, ओट्याला नाही. पहिल्या वर्षी मी हौसेनं ओली साडी नेसून आत गेले आणि मध्येच शाळेचा फोन आला म्हणून बाहेर धावले, तो घेतला, आणि तशीच परत आत शिरले. सगळा स्वयंपाक टाकून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून केला. तेव्हापासून श्राद्धाच्या दिवशी माझी जागा उंबऱ्याबाहेर. लागेल ते आणून उंबऱ्यावर ठेवायचं, मागं सरायचं, मग त्या उचलणार. बावीस वर्षं मी "शिवू नको" ऐकत आले. सुरुवातीला रडू यायचं, मग राग यायला लागला, पुढे पुढे तर काहीच वाटेनासं झालं.

वर्गात ते हात वर झाले त्या संध्याकाळी मी घरी येऊन चहासुद्धा न पिता टेस्टर काढला. ग्राइंडर चालू करून त्याच्या अंगाला टेकवला. टेस्टरातला दिवा लाल पेटला. श्राद्ध पाच दिवसांवर होतं, आणि उडीद वाटायला अम्मा त्या ग्राइंडरसमोर उभ्या राहणार होत्या, ओल्या साडीत, अनवाणी, सत्त्याहत्तराव्या वर्षी. हाताची रगडी त्यांना खांद्याच्या दुखण्यामुळे झेपत नव्हती. दुकानातलं वाटण श्राद्धाला चालत नाही. ग्राइंडर चालतो, का चालतो ते त्यांनाच ठाऊक, पण तो त्यांनीच चालवायचा.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या इलेक्ट्रिशियनला धरून आणलं. मी त्याला ऐटीत सांगितलं, सॉकेटला तीन भोकं आहेत, प्लगला तीन पिना आहेत, म्हणजे अर्थिंग आहे, दोष ग्राइंडरमध्ये असणार. त्यानं सॉकेटचे स्क्रू काढून तो भिंतीतून बाहेर ओढला आणि मला मागची बाजू दाखवली. दोन भोकांना वायरी होत्या. तिसऱ्याला काहीच नव्हतं. बिल्डिंग जुनी, बांधणाऱ्यानं तीन भोकांचा सॉकेट बसवला आणि मागं तिसरी वायर ओढलीच नाही. म्हणजे इतकी वर्षं मी वर्गात ज्या पिनेची थोरवी गात होते, ती माझ्याच घरात हवेत उभी होती. मी विचारलं, मग फ्यूज कशाला आहे? त्यानं सांगितलं ते मी आता धड्यात घालते. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. माणसाला मारायला जेवढा करंट पुरतो, तेवढा फ्यूजच्या खिजगणतीतही नसतो. त्यासाठी वेगळा ट्रिप स्विच लागतो, वीज वाट चुकली की क्षणात तोडणारा, आणि शिवाय तिसरी वायर खाली जमिनीपर्यंत न्यायला हवी.

मी म्हटलं, उद्याच कर. तिथंच माशी शिंकली. भिंत फोडायला लागणार, धूळ होणार, दोन परके गडी दिवसभर स्वयंपाकघरात. आणि अम्मांनी श्राद्धासाठी स्वयंपाकघर धुवून, डबे घासून, सगळं मडीचं करून ठेवलं होतं. त्यांनी नकार दिला, आवाज न चढवता. श्राद्ध होऊ दे, मग अख्खं घर फोडा म्हणाल्या. नवरा म्हणाला, चार दिवसांनी केलं तर काय आभाळ कोसळतंय? मग मधला मार्ग निघाला. इलेक्ट्रिशियननं ग्राइंडर दुकानात नेला, उघडला, आत ओल धरली होती ती वाळवली, सोललेली एक वायर बदलली, आणि आणून दिला. टेस्टर लावला तर दिवा पेटला नाही. मी तीनतीनदा लावून बघितला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझा जीव मात्र वरखाली होतच राहिला. भिंतीतलं ते मोकळं भोक दिसत राहायचं, शाळेत, बसमध्ये, कुठंही. तरी मी हट्ट धरला नाही. धरायला हवा होता.

श्राद्धाच्या सकाळी नवरा केळीची पानं आणि फुलं आणायला बाजारात गेला. गुरुजी यायला दोन तास होते. घरात आम्ही दोघीच. मी उंबऱ्याबाहेर बसून काळे तीळ निवडत होते. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, पुन्हा आला. भांडी धुताहेत असं मी धरून चालले. ती भांडी नव्हती. ग्राइंडर दुकानात जाऊन आला होता, परक्या हातांनी उघडला होता, तो अम्मांच्या लेखी मडीचा उरला नव्हता. म्हणून त्यांनी त्याच्यावर दोन कळशा पाणी ओतून तो शुद्ध करून घेतला. मला हे नंतर कळलं. तेव्हा मला दिसलं ते एवढंच, की पाट बाहेर, माझ्या पायाशी, भिंतीला लावून ठेवलाय.

मी पाट उचलून उंबऱ्यावर ठेवला. अम्मांनी मान हलवली. रोज सगळ्यांचे पाय लागतात त्याला, तो आज आत नक्को, म्हणाल्या. मी म्हटलं, मग रबरी चपला घाला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जसं काही मी देवघरात चपला घालायला सांगितल्या. माझं डोकं फिरलं. पाच दिवसांची सगळी धाकधूक एकदम तोंडावर आली. करा मग तुमच्या मनासारखं, मी कुणी नाहीच इथं, असं म्हणून मी तीळ घेऊन पाठ करून बसले. मागं ग्राइंडर सुरू झाला, दगड फिरायचा आवाज आला. थोड्या वेळानं त्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. घशात अडकल्यासारखा, बारीक.

मी वळून बघितलं. अम्मांचा उजवा हात ग्राइंडरच्या कडेला घट्ट मिटला होता आणि कोपरापासून थरथरत होता. पायाखाली पाणी होतं. ग्राइंडरचं बटण त्यांच्या पलीकडे, भिंतीवर. डोळे माझ्यावर होते. मी ताडकन उठले, एक पाय उंबऱ्यात टाकला, हात पुढे केला. आणि तिथंच थांबले. चिकटलेल्या माणसाला धरायचं नाही, हे मी बावीस वर्षं फळ्यावर लिहिलंय. धरलं की करंट आपल्यातूनही जातो, मग दोघं चिकटतात. आधी पुरवठा तोडायचा. मी वळले आणि दाराजवळच्या मेन स्विचकडे धावले. बारा पावलं आहेत, मी नंतर मोजली. दांडा घट्ट होता, दोन्ही हातांनी खाली ओढला. पंखे थांबले, दगड थांबला, आणि आत काहीतरी पडल्याचा आवाज आला.

परत आले तेव्हा अम्मा ओट्याला टेकून खाली बसल्या होत्या, तोंड उघडं, श्वास चालू. मी त्यांना दोन्ही हातांनी मिठीत धरलं. ओली साडी, ओलं अंग, गार पडलेलं. तळव्यावर कडेचा काळा वळ उठला होता. नवरा आला, हॉस्पिटलात नेलं, हृदयाचा आलेख काढला, एक दिवस ठेवून घेतलं. वाचल्या. डॉक्टर म्हणाले, कुणीतरी वेळेवर बंद केलं म्हणून. नवरा माझ्याकडे बघून रडला. श्राद्ध गुरुजींनी सांगितलेल्या दुसऱ्या एका तिथीला झालं, आचारी बोलावून.

घरी आल्यावर भिंत फोडली, तिसरी वायर ओढली, ट्रिप स्विच बसला. अम्मांनी एका शब्दानं विरोध केला नाही. पण त्या माझ्याशी बोलतही नव्हत्या. भांडण नाही, टोमणे नाही, काही नाही. पाणी हवं तर मुलाकडे मागायच्या, तो नसेल तर स्वतः उठायच्या. मी खोलीत गेले की मान खिडकीकडे. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. मला वाटलं, मडीत शिवले म्हणून हा राग. आत आत संताप साठत गेला. जीव वाचवला तो गेला कुठं, आणि विटाळाचं एवढं मोठं? रात्री झोप नाही, वर्गात लक्ष नाही. वह्या तपासताना एकाच मुलीच्या उत्तरावर दोनदा बरोबरची खूण केली.

एका रविवारी दुपारी त्या वर्तमानपत्रावर शेवग्याचा पाला निवडत बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसले आणि बोलून टाकलं, की शिवले म्हणून माझ्यावर एवढा राग असेल तर सांगा एकदाचं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा शिवेन.

त्यांनी पाला खाली ठेवला. "शिवलीस म्हणून नाही गे," म्हणाल्या. "आधी पाठ फिरवून गेलीस, ते."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मेन स्विच कुठं आहे, तो ओढला की काय होतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पोरांना सांगितलं, त्यांच्या आयांना चिठ्ठ्या पाठवल्या, घरात नाही. मी पाल्याच्या काड्या घेतल्या आणि वर्तमानपत्रावर मांडल्या. ही भिंतीतली वायर. हा ग्राइंडर. ह्या तुम्ही, ही ओली जमीन. वीज इथून निघते आणि तुमच्यातून जमिनीत जाते, हात मिटतो तो उघडत नाही. आता ही मी. मी तुम्हाला धरलं की तीच वीज माझ्यातूनही जाणार, माझाही हात मिटणार, घरात तिसरं कुणी नाही. म्हणून वीज जिथून येते तिथं, इथं, दाराजवळ, ती तोडायची. पहिली काडी मी मोडली.

अम्मा लक्ष देऊन ऐकत होत्या. दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. ओलं नसतं तर? कमी बसला असता. पाट असता तर? बहुधा काही झालं नसतं. मग त्यांनी माझी काडी बोटानं सरकवून त्यांच्या काडीला लावून बघितली.

"म्हणजे तू धरलं असतंस तर दोघीही."

मी हो म्हटलं. मला इतकं हलकं वाटलं, की हसूच आलं. कळलं त्यांना. तीन आठवड्यांचं मळभ दहा मिनिटांत गेलं, असं मी धरून चालले.

"कळलं गे," त्या म्हणाल्या. "बरोबर केलंस. पण मज तेव्हा हे कुठं ठाऊक? हात सुटेना, ओरडता येईना, डोळे तेवढे उघडे. तू आलीस, हात पुढे केलास, माझ्याकडे पाहिलंस, आणि गेलीस. मी म्हटलं, एवढी वर्षं हिला शिवू नको, शिवू नको म्हटलं. आज हिनं ऐकलं."

मेन बंद करते, एवढं ओरडत मी धावू शकले असते. बारा पावलं मी एक शब्दही बोलले नव्हते.